तीन शिफ्ट आणि सोळा तासांचा उपास : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४, रविवार

प्रकल्पाचं कारण म्हणजे कंपनीच्या वार्षिक तपासणीचा कागद. वय ४६, वजन ८६.४ किलो, उंची १७१ सेंटिमीटर, बेंबीपाशी पोटाचा घेर १०१ सेंटिमीटर, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेएकोणतीस निघतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, पुरुषांचा घेर ९० च्या आत हवा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आईला बरीच वर्षं साखर आहे, त्यामुळे हा उंबरठा आमच्याकडे वंशपरंपरेनं आला आहे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. "तीन महिने वजन उतरवा, मग बघू," एवढंच म्हणाले.

कॅलरी मोजणं घरच्या जेवणात जमणार नाही. आमटीत तेल किती, हे करणारीलाही सांगता येत नाही. दीक्षित डाएट माहीत आहे. २०१८ च्या सुमारास आमच्या प्लांटमध्ये प्रत्येक लाइनवर एक तरी ‘दीक्षितवाला’ होता. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, घरोघर पोचवला डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही. नियम साधा आहे, म्हणूनच तो चालला. पण तिन्ही शिफ्टमध्ये दोन जेवणांच्या वेळा बसवणं मला अवघड दिसतं. म्हणून १६:८ घेतो. आठ तासांत काय ते खायचं, उरलेले सोळा तास पाणी, कोरा चहा.

मोजायचं काय? दर रविवारी सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन. महिन्याला घेर. झोप आणि डोकं कसं चाललंय त्याचे दोन शब्द. बस्स.

२२ जून, शनिवार

या आठवड्यात खाणं बदललं नाही, फक्त वेळा लिहिल्या. फर्स्ट शिफ्ट होती, सात ते तीन. पहिला घास पावणेसहाला: चहा आणि दोन खारी. मग बसमधून उतरल्यावर चहा, सव्वानऊला कँटीनचे पोहे, साडेअकराला जेवण, सुटताना चहा, घरी आल्यावर चहा-बिस्किट, संध्याकाळी काहीतरी तळलेलं, नऊला जेवण. वर्ल्ड कपचे सामने आठला सुरू होतात, त्यामुळे जेवणानंतर साडेअकरापर्यंत चिवड्याचा डबा मांडीवर. पावणेसहा ते साडेअकरा, म्हणजे जवळजवळ अठरा तास तोंड चालू.

मी एकटा नाही. अमेरिकेत साल्क इन्स्टिट्यूटच्या सच्चिदानंद पांडांनी लोकांना मोबाइलवर प्रत्येक खाण्याचा फोटो काढायला लावला होता. २०१५ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. निम्म्या लोकांचा खाण्याचा पसारा दिवसाला पंधरा तासांच्या आसपास किंवा त्याहून मोठा होता. विचारलं तर सगळे ‘तीन वेळा जेवतो’ म्हणतात. चहाबरोबरची खारी कोणी जेवणात धरत नाही.

३० जून, रविवार

सोमवारपासून सुरुवात केली, सेकंड शिफ्टवर. दुपारी तीन ते रात्री अकरा. हा आठवडा उपासासाठीच केल्यासारखा आहे. बाराला घरी जेवण, साडेचारला कँटीनचा चहा, सातला कँटीनचं जेवण, आठला कुलूप. रात्री पावणेबाराला घरी येऊन झाकून ठेवलेलं पुन्हा जेवायचो, ते बंद झालं. एवढ्या एका गोष्टीनं सकाळी पोट हलकं वाटतं.

पहिले तीन दिवस सकाळी डोकं दुखलं. भूक म्हणून नव्हे. कोरा चहा घेतल्यावर वीस मिनिटांत थांबलं, म्हणजे चहाची तलफ होती. दुधाचा गोड चहा मात्र उपास मोडतो, त्यात वाद नको. आमच्या कँटीनचा चहा किटलीतच साखर घालून येतो, कपात घालायची नसते. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे साखर होते.

काल शनिवारी वर्ल्ड कपची फायनल. अकराला शिफ्ट सुटली, पण गेटपाशी कोणी हललं नाही, सगळे एका मोबाइलवर वाकलेले. बार्बाडोसमध्ये शेवटचा बॉल पडला आणि सिक्युरिटीवाल्यासकट सगळे नाचले. साडेबाराला कोणीतरी पेढे आणले. खाल्ले, दोन. असल्या पेढ्याला उपास लागत नाही.

वजन ८४.९. आठवड्यात दीड किलो हा आकडा बघून उड्या मारायच्या नाहीत. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, कमी होते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर बांधलेलं सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात उतरतं ते बहुतेक हेच. व्हॉट्सॲपवर ‘सात दिवसांत चार किलो’ म्हणणाऱ्यांचा चमत्कार इथेच आहे.

७ जुलै, रविवार

नाईट. अकरा ते सात. इथे सगळं गणित उलटं.

पुस्तकी १६:८ प्रमाणे रात्री दोनच्या कँटीनला धरून आठ तास घेता येतात. पण पहाटे तीनला शरीर साखर नीट हाताळत नाही, तेव्हा जेवून उपासाचे तास पूर्ण केले तरी काय मिळवलं? बॉस्टनमधला एक प्रयोग आहे, २०२१ च्या डिसेंबरात छापलेला. १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी चढली. दिवसाच जेवणाऱ्यांची तशी चढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण आम्हा शिफ्टवाल्यांवर थेट बोलणारा आहे.

म्हणून या आठवड्यापुरतं असं बसवलं: सकाळी आठला घरी येऊन पोळी-भाजी, नऊ ते अडीच झोप, तीनला जेवण, रात्री साडेआठला भाकरी-पिठलं किंवा तत्सम, मग सकाळपर्यंत पाणी आणि कोरा चहा. सोळा तास होत नाहीत, साडेअकरा होतात. पण ते रात्रीचे आहेत.

पहाटे साडेतीन ते साडेचार वाईट. कंप्रेसर रूममध्ये उभा असताना कँटीनच्या मिसळीचा वास जिन्यानं वर येतो. गुरुवारी हात थोडे थरथरले, तेव्हा चार खजूर खाल्ले. चालत्या मशिनरीपाशी उभं राहणाऱ्यानं हट्ट धरू नये. उपासाचा विक्रम करायला आलेलो नाही.

वजन ८४.७.

१४ जुलै, रविवार

फर्स्ट शिफ्ट. पहाटेचा चहा-खारी आणि सव्वानऊचे पोहे गेले, साडेअकरा ते साडेसात खायचं. मला जड गेलं नाही, घराला गेलं. मुलगा क्लासहून साडेआठला येतो, आई आठला जेवते, मी सातला. सौ. चं म्हणणं जसंच्या तसं: "अहो, उपास तुमचा आणि गॅस माझा तीनदा पेटतो." वाजवी तक्रार आहे. तोडगा असा: घराचं जेवण पावणेआठला, माझे तास बारा ते आठ, मुलाची पोळी तव्यावर गरम करून द्यायची आणि ती मी द्यायची. कँटीनमध्ये साडेअकराऐवजी बाराच्या बॅचला बसायचं.

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी घरी होतो. बरं झालं होतो.

आईची एकादशी आहे. ती सहाला उठली, आंघोळ-पूजा केली, नेहमीप्रमाणे साखरेची गोळी घेतली, अर्धा कप चहा घेतला आणि शेजारच्या काकूंबरोबर विठ्ठलाच्या देवळात गेली. रांग मोठी होती. परत यायला साडेबारा. खिचडी गॅसवर होती. आई खुर्चीत बसली ती घामानं भिजलेली, ओठ पांढरे, "काही नाही, ऊन लागलं" म्हणते. पावसाळी हवेत कसलं ऊन. बोटाला सुई टोचली: ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर उतरली असं धरतात. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ८१. मग खिचडी दिली. दोन तासांनी २४६!

दुपारी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी समजावलं ते इथे लिहून ठेवतो, कारण घरोघरी आया असाच उपास करतात. आईच्या गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही आहेत. एकट्या मेटफॉर्मिननं साखर अशी सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतं. म्हणजे गोळी घेऊन उपाशी राहणं हा धोका आहे. उपासाच्या दिवशी कुठली गोळी कमी करायची, कुठली कधी घ्यायची, ते आधी डॉक्टरांना विचारायचं. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच. आपल्या मनानं गोळी बंद करणंही तितकंच वाईट.

आता खिचडीचं. काटा काढून एका माणसाचं वजन केलं: कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट ३०, तूप दोन चमचे, निम्मा बटाटा. हिशोब पावणेसहाशे कॅलरीच्या घरात जातो, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. वर रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, केळं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांनी काटा न वापरता अचूक मोजलं होतं.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. वजन ८३.१ सकाळी. संध्याकाळनंतरचं मोजत नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. प्लांटमध्ये उपासाचा विषय निघणारच होता. स्टोअरमधला आमचा जैन सहकारी पर्युषणाची तयारी करतोय. तो वर्षभर चौविहार पाळतो, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. संध्याकाळी सहाला डबा उघडतो तेव्हा सगळे हसायचे. आता माझाही डबा आठच्या आत बंद होतो म्हटल्यावर तो मला म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्यात आलात, फक्त पुण्य तुम्हाला मिळणार नाही." त्याच्या घरात एकासणं, बियासणं (दिवसातून एकदाच किंवा दोनदाच बसून जेवणं) चालतं. आत्यानं वर्षीतप केलं आहे, एक दिवस उपास, एक दिवस जेवण, वर्षभर. आमच्याकडे आजी चातुर्मासात धरणं-पारणं करायची, तेही तेच. परदेशी लोक याला नवं नाव देऊन तक्ते काढतात, आणि आपले लोक तो तक्ता इंग्रजीत आल्यावर फॉरवर्ड करतात.

एक गोष्ट मात्र ताडून पाहण्यासारखी. श्रावणी सोमवारी उपास संध्याकाळी लवकर सोडतात, दिवेलागणीला जेवण होतं. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत जेवण नऊच्या पुढे जातं, आणि दिवसभराची भूक मोदकांवर निघते. माझ्या वहीत संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी वजन चढलेलं, झोप मोडलेली, छातीत जळजळ. सोमवारचं तसं नाही. देवांत डावं-उजवं करायचं नाही, पण पोटाच्या दृष्टीनं महादेव सोयीचा.

१८ ऑगस्ट, रविवार

वजन ८२.६, पंधरा दिवसांत अर्धा किलो. वेग मंदावला म्हणून या आठवड्यात नाईट संपल्यावर वाचत बसलो.

अमेरिकेतला २०२० चा अभ्यास: ११६ माणसं, बारा आठवडे. निम्म्यांना दुपारी बारा ते रात्री आठमध्येच खायला सांगितलं, बाकीच्यांना तीन वेळा नेहमीसारखं. उपासवाल्यांचं वजन ०.९४ किलोनं उतरलं, दुसऱ्यांचं ०.६८. फरक म्हणावा असा नाही. वर, उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा होता. दुसरा ग्वांगझूचा, २०२२ मध्ये छापलेला, १३९ लठ्ठ माणसं, वर्षभर. सगळ्यांना कमी कॅलरी, निम्म्यांना शिवाय सकाळी आठ ते चार ही वेळेची अट. वर्षअखेर ८ किलो आणि ६.३ किलो. हाही फरक संख्याशास्त्रात टिकला नाही.

म्हणजे सोळा या आकड्यात जादू नाही. माझं वजन उतरलं ते पाच कप गोड चहा, खारी, कँटीनचा वडा, चिवडा आणि पावणेबाराचं दुसरं जेवण हे सगळं तासांच्या बाहेर पडलं म्हणून. मग तास कशाला, नुसता चिवडा सोडावा? मला ते जमलेलं नाही. ‘थोडाच खाईन’ या वाक्यावर डबा रिकामा होतो. ‘आठ वाजले’ या वाक्यावर वाद घालता येत नाही. डब्याशी रोज बोलणी करायची नसतील तर घड्याळ बरं.

ऑटोफॅजीचे मेसेजही फार फिरतात: ‘सोळा तासांनी शरीर स्वतःची सफाई करतं, जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं.’ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टवरचं, पेशी आपलेच भाग कसे मोडून वापरते त्याच्या यंत्रणेवरचं. त्यावरून माझ्या पोटात सोळाव्या तासाला झाडू फिरतो असं निघत नाही.

स्नायूंचा मुद्दा मात्र मनावर घेतला. बाराच्या जेवणात मुगाची किंवा मटकीची वाटीभर उसळ, सातच्या जेवणात दोन उकडलेली अंडी (श्रावणात पनीर), आणि आठवड्यातून तीनदा घरीच उठाबशा, जोर, डंबेल.

१ सप्टेंबर, रविवार

सौ. नंही पंधरा दिवस करून पाहिलं. तिची थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी असते, ती अडचण नव्हती. पण तिला अकरापासून डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, त्या महिन्यात पाळीही आठ दिवस पुढे गेली. कारण हेच होतं का, सांगता येत नाही. तिनं सोडलं. आता ती रात्री आठ ते सकाळी आठ एवढंच पाळते आणि खूश आहे. बायकांनी पुरुषांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, असं तिचं मत. माझं दुमत नाही.

लाइनवरच्या एकानं मला बघून थेट दिवसातून एकदाच जेवायला सुरुवात केली होती. दोन आठवड्यांत पित्तानं हैराण झाला. आता परत वडापाववर. ज्याला आधीपासून अल्सर आहे, जी गरोदर आहे किंवा अंगावर पाजते, ज्याचं खाण्याशी आधीच भांडण आहे, वाढत्या वयाची मुलं, यांच्यासाठी हा खेळ नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपती, गौरी. तास ठेवले नाहीत. एकवीस मोदकांचं घर आहे, आणि गौरीच्या जेवणाला सोळा भाज्या. वजन ८२.४, होतं तिथेच. पुढे.

२२ सप्टेंबर, रविवार

रिपोर्ट आला. वजन ८१.७, घेर ९६, एचबीए१सी ५.८. अजून उंबरठ्यावरच, पण बाहेरच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, चालणं वाढवा. त्यांना सोळा-आठ वगैरेमध्ये रस नव्हता. घेर विचारला आणि झोप विचारली.

झोपेचं सांगायचं तर सेकंड शिफ्टला सगळ्यात फरक पडला. भरल्या पोटी बाराला आडवं होणं गेलं, तशी पहाटेची जळजळ गेली आणि उशाखालची अँटासिडची पट्टी संपायची थांबली. ‘मन प्रसन्न झालं’ वगैरे मी लिहिणार नाही. फर्स्ट शिफ्टला दहा ते बारा मी थोडा तिरसट असतो, असं ज्युनियर पोरं म्हणतात. ती माझ्याकडे सही घ्यायला आता साडेबारानंतर येतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र काल संपलं. आई दरवर्षी नऊ दिवसांचे उपास करायची. या वर्षी डॉक्टरांकडे आधीच नेलं. ती त्यांच्याशी अर्धा तास भांडली आणि शेवटी उठता-बसता उपासावर तडजोड झाली. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी उपास, मधले दिवस ताटात मीठ-भाकरी सगळं. उपासाच्या दोन दिवसांत ग्लिमेपिराइडवाली गोळी डॉक्टरांनी बदलून दिली तशी, साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, ती थोडी थोडी, तीन वेळा, जोडीला काकडीची कोशिंबीर. साखर ९० च्या खाली गेली नाही, १९० च्या वर चढली नाही. भगरही शेवटी स्टार्चच, पण वाटीवर ताबा राहिला.

"देवीला चालतं का हे?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, देवीला तू चालायला हवी आहेस.

२७ ऑक्टोबर, रविवार

वजन ८०.९. दिवाळीचे निर्णय: फराळ दुपारी चारला, चहाबरोबर, ताटलीत घेऊन. डबा मांडीवर नाही. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला तास नाहीत. नाईटच्या आठवड्यात बारा तास, बाकी दोन्ही शिफ्टमध्ये सोळाच्या जवळपास, पंधरा झाले तरी चालतील. पुढची एचबीए१सी डिसेंबरअखेर.

कँटीन कमिटीत बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली मागितली होती. मंजूर झाली. पहिल्या दिवशी ती माझ्यासाठीच आली असं वाटलं, पण दुपारपर्यंत रिकामी.

एक काम बाकी: १२ नोव्हेंबरला कार्तिकी एकादशी आहे, मंगळवार, आणि त्या आठवड्यात मला फर्स्ट शिफ्ट असेल. सकाळी घरी नसेन. आईची त्या दिवशीची गोळी डॉक्टरांना विचारून कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणायच्या, आणि देवळात जाताना पिशवीत ग्लुकोजचं पाकीट आहे का ते शेजारच्या काकूंनी बघायचं, हे त्यांना सांगायचं.